उलट्या वाटेची लाइन

गुरुवारी संध्याकाळी आमच्या केबलच्या ऑफिसातला फोन खाली ठेवायची सोय नसायची. पुण्यात दुरुस्तीसाठी वीज जायची ती गुरुवारी. वीज परत आली की घराघरांतून एकच तक्रार यायची: दिवे सगळे लागलेत, पण नेट नाही. २००५ मध्ये सरकारने २.४ गिगाहर्ट्झच्या वायफायसाठी परवान्याची अट काढली. त्यानंतर केबल मोडेमशेजारी ग्राहकाने स्वतः आणलेला राउटर दिसायला लागला, आणि ही तक्रार त्याच्यासोबतच आली.

दोन्ही डबे धडधाकट असायचे. चूक होती ती उठण्याच्या क्रमात. राउटर मिनिटभरात उठतो. मोडेमला मात्र केबलवर आपली फ्रिक्वेन्सी शोधायची असते, आपला आवाज किती चढवायचा ते कंट्रोल रूमकडून ठरवून घ्यायचं असतं, मग नाव नोंदवायचं असतं. तोवर राउटर पत्ता मागून मोकळा झालेला असतो, आणि काही मोडेम लाइन जुळण्याआधी १९२.१६८.१०० ने सुरू होणारा तात्पुरता पत्ता त्याच्या हातावर ठेवतात. राउटर तोच धरून बसतो. म्हणून मी सांगायचो, "काकू, दोन्ही बंद करा. आधी मोडेम लावा. त्याचा ऑनलाइनचा दिवा लुकलुकायचा थांबला, की मग राउटर." दहातल्या सात घरांचं काम एवढ्यावर व्हायचं. उरलेल्या तीन घरांसाठी शिडी काढावी लागायची, आणि त्या शिडीवरच आमच्या धंद्याचा सगळा इतिहास आहे.

माझे काका अँटेना बसवायचे. १९७३ मध्ये सिंहगडावरच्या टॉवरमुळे पुण्यात दूरदर्शन दिसायला लागलं, तेव्हापासून पेठांतल्या कौलांवरच्या अँटेना गडाकडे तोंड करून उभ्या राहिल्या. पडद्यावर मुंग्या आल्या की काका कौलावर, घरची मंडळी टीव्हीसमोर आणि जिन्यात निरोप पोचवायला मी. "आलं... गेलं... थोडं डावीकडे!" फॉल्ट शोधायचं माझं शिक्षण त्या जिन्यात झालं.

१९९१ च्या जानेवारीत आखाती युद्ध सुरू झालं आणि मोठ्या हॉटेलांच्या डिशवर लोकांनी ते थेट पाहिलं. त्याच वर्षी स्टार आलं, ऑक्टोबर १९९२ मध्ये झी. एरवी व्हीसीआरवरून सोसायटीत सिनेमे दाखवणारी पोरं एकदम केबलवाले झाली. काकांनीही गच्चीवर डिश बसवली, खालच्या खोलीत कंट्रोल रूम केली, आणि आम्ही या गच्चीवरून त्या गच्चीवर वायर फेकायला लागलो. कायदा आला तो १९९५ मध्ये, तोवर शहरावर जाळं पसरून झालं होतं. गणपतीत उंच देखाव्यांच्या गाड्यांवर बांबू घेऊन माणसं उभी राहायची आणि आमच्या वायरी वर उचलून धरायची. विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी तुटलेले जॉइंट जोडायला आम्ही पहाटेच निघायचो.

या जाळ्याची एक गोष्ट ध्यानात घ्यायला हवी. ते एकाच दिशेने बोलायला बांधलेलं होतं. कंट्रोल रूम बोलणार, घर ऐकणार. वाटेतला प्रत्येक अॅम्प्लिफायर सिग्नल पुढेच ढकलायचा. अमेरिकेत १९९७ मध्ये केबल मोडेमचं डॉक्सिस नावाचं मानक ठरलं, १९९८ मध्ये आपल्याकडे खाजगी कंपन्यांना इंटरनेटची दारं उघडली, आणि थोड्याच वर्षांत आमच्या लाइनवर नेट चढवायचं ठरलं. आता घरालाही उलट बोलायचं होतं. त्या बोलण्याला जागा मिळाली टीव्हीच्या चॅनेलांखाली, पाच ते चाळीसेक मेगाहर्ट्झच्या अरुंद पट्ट्यात. आम्ही एकेक अॅम्प्लिफायर उघडून त्यात परतीची वाट बसवली.

त्या दिवसापासून धंद्याची रीत बदलली. टीव्हीच्या काळात एका घरातला कनेक्टर सैल असला तर त्याच घरात मुंग्या यायच्या. परतीच्या वाटेवर मात्र गल्लीतल्या सगळ्या घरांचा कचरा गोळा होत होत कंट्रोल रूमला पोचतो. एका घरातला उघडा जॉइंट साठ घरांचं नेट पाडतो. हे ग्राहकाला पटवणं फार अवघड होतं, कारण ज्याच्या घरात दोष, त्याचा टीव्ही छान चालू असायचा.

सदाशिव पेठेतल्या एका इमारतीचं उदाहरण माझ्या कायम लक्षात राहिलं. दुसऱ्या मजल्यावरचे निवृत्त शिक्षक तक्रार करायचे. मोडेम बदलला, राउटर बदलला, मधली पॅच कॉर्ड बदलली. राउटर बाजूला ठेवून कॉम्प्युटर थेट मोडेमला लावला, तरी तेच. तेव्हा सरांनी वही पुढे केली. पंधरा दिवस नेट कधी गेलं, कधी आलं, मिनिटांसकट लिहिलं होतं. जायचं ते संध्याकाळी सहा ते नऊमध्ये, पाच-दहा मिनिटांच्या तुकड्यांत. रविवारी कधीच नाही. केबल रविवार पाळत नाही, माणूस पाळतो, म्हणून मी माणूस शोधायला लागलो.

संध्याकाळी सहाला गच्चीवरच्या अॅम्प्लिफायरपाशी बसलो. कंट्रोल रूममधला पोरगा मशीनवर उलट वाटेचा गोंगाट बघत होता. मी एकेक फाटा काढत गेलो. "गेला का?" "नाही." "आता?" "गेला!" तो फाटा पहिल्या मजल्याचा निघाला. तिथे एक बाई ब्लाउज शिवायच्या, रविवार सोडून रोज. शिलाई मशीनला मोटर, मोटरच्या ब्रशांत ठिणग्या. मशीनमागच्या कपाटाआड आमचीच जुनी वायर होती. टीव्ही बाहेरच्या खोलीत नेला तेव्हा स्प्लिटर लावून नवी वायर ओढली होती, आणि जुनीचं टोक तसंच लोंबत राहिलं होतं. कपाट सरकवलं. उघडी पडलेली तांबडी तार, भोवती पिवळा पडलेला फोम, पन्नी आणि जाळीचे विस्कटलेले केस. ती तार अँटेनासारखी मोटरचा सगळा खरखराट आत ओढत होती. मी स्प्लिटरवरून ती वायर काढली आणि मोकळ्या तोंडावर पंचाहत्तर ओहमचं टोपण घट्ट बसवलं. बाईंना मशीन चालवायला सांगितलं. फोनवर पोरगा म्हणाला, "शांत आहे."

ती अर्धवट सोडलेली वायर आमच्याच माणसाची होती. त्या आठवड्यात मी त्या गल्लीतली प्रत्येक खोली तपासली. अशी अकरा टोकं सापडली.

गुरुवारच्या तक्रारीखेरीज आणखी एक तक्रार असायची: काही घरांत राउटर लावला की नेट यायचंच नाही, कारण आमच्याकडे ग्राहकाच्या कॉम्प्युटरचा मॅक नंबर नोंदलेला असायचा. राउटरच्या सेटिंगमध्ये तोच नंबर क्लोन केला की चालू. या कामाला शिडी लागत नव्हती.

मार्च २०१३ अखेर पुण्यात सेट-टॉप बॉक्स सक्तीचे झाले. पुढे फायबर आलं. काचेच्या धाग्यात शिलाई मशीनचा खरखराट शिरत नाही. आम्ही जुनी कोअॅक्स उतरवत त्या इमारतीपर्यंत पोचलो, तेव्हा बाई अजून शिवत होत्या. गच्चीवरची वायर गुंडाळायला घेतली तर त्या जिना चढून वर आल्या आणि वीसेक फुटांचा तुकडा राहू द्या म्हणाल्या. पावसाळ्यात सुतळी कुजते, ही कुजत नाही. मी दोन्ही टोकं खांबांना पक्की बांधून दिली, आणि त्यांनी धुतलेलं अस्तराचं कापड लगेच वाळत घातलं.