चिलखताचं ओझं

युरोपातल्या मध्ययुगीन नाइटचं चित्र पाहिलं की मुलांचा हमखास प्रश्न येतो, ‘एवढं लोखंड अंगावर घेऊन ही माणसं हलत तरी कशी?’ १९४४ च्या ‘हेन्री द फिफ्थ’ या इंग्रजी चित्रपटात तर नाइटला यारीने उचलून घोड्यावर बसवलेलं दाखवलं आहे. पाहायला गंमत वाटते, पण त्याला इतिहासाचा आधार नाही.

पंधराव्या शतकातल्या पूर्ण चिलखताचं वजन साधारण २० ते २५ किलो असे. ते एका खांद्यावर लटकत नसे. छाती, दंड, मांड्या, पोटऱ्या यांचे पत्रे वेगवेगळे, चामडी पट्ट्यांनी त्या त्या अवयवाला बांधलेले. सांध्यांपाशी लहान पट्ट्या कोळंबीच्या कवचासारख्या एकमेकींखाली सरकत. बूसिको हा फ्रेंच सेनानी शिरस्त्राण सोडून बाकी सगळं चिलखत चढवून कोलांटी मारत असे, असं त्याच्या हयातीतच लिहिलेल्या चरित्रात म्हटलं आहे. अशा चरित्रात कौतुक जरा जास्तच असणार, पण न हलणाऱ्या माणसाबद्दल असं कोणी लिहिणार नाही.

मग चिलखताचा त्रास नव्हताच का? होता, पण वेगळा. २०११ मध्ये लीड्सच्या संशोधकांनी चिलखत वापरायचा सराव असलेल्या चौघांना सरकत्या पट्ट्यावर चालवलं आणि त्यांचा श्वास मोजला. चालण्याची ऊर्जा दुपटीहून अधिक लागली! वजन पाठीवर असतं तर इतकी लागली नसती. पायावरचा पत्रा प्रत्येक पावलाला पुढे झुलवावा लागतो, थांबवावा लागतो. शिवाय छाती आवळलेली, त्यामुळे श्वास उथळ. वर्गात हे सहज करून पाहता येईल. अर्धा-अर्धा किलो वाळूच्या दोन पुरचुंड्या आधी दप्तरात, मग घोट्यांना बांधून मैदानाला तितक्याच फेऱ्या मारायच्या आणि दोन्ही वेळा नाडी मोजायची. मध्ये पुरेशी विश्रांती मात्र हवी.

आता २५ ऑक्टोबर १४१५ चं अ‍ॅजिनकोर्ट पाहा. नांगरलेलं शेत, रात्रभर पाऊस. बहुतेक फ्रेंच नाइट पायीच निघाले. चिखलात पाय रुतताहेत, समोरून बाणांचा मारा, म्हणून झडप खाली ओढलेली. इंग्रजांपर्यंत पोचेतो ते दमून गेले होते. गर्दीत पडलेल्याला उठायला जागा नव्हती. हजारो मारले गेले. कोलांट्या मारणारा बूसिकोही त्या दिवशी कैद झाला आणि १४२१ मध्ये इंग्लंडमध्ये कैदेतच वारला.