चित्रकर्त्रीचा शोध

इतिहास जेथे मौन धरतो, तेथे कल्पना बोलू लागते. अठराव्या शतकात जन्मलेला कोरियन चित्रकार शिन युन-बोक हा पुरुष होता. परंतु २००८ सालच्या ‘मीइन्दो’ या बोलपटाने त्याला पुरुषवेषातील प्रणयिनी कल्पिले. नवल हे की, त्याच देशात शिन सैमदांग (१५०४-१५५१) ही खरीखुरी चित्रकर्त्री होऊन गेली होती!

आपल्याकडे तर वेषांतराचीही गरज पडली नाही. चित्रकार महादेव विश्वनाथ धुरंधर यांच्या कन्या अंबिकाबाई (१९१२-२००९) मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकल्या आणि १९३१ साली त्यांनी तेथील पदविका संपादन केली. ‘माझी स्मरणचित्रे’ हे आत्मकथनही त्यांनी लिहिले. तथापि धुरंधर म्हणताच आपल्याला आठवतात ते वडीलच.

बोथच्या शेजारच्या निर्मळची चित्रेही आपण गावाच्या नावाने ओळखतो. ती रेखाटणाऱ्या हातांच्या नव्हे. म्हणून घरातील, गावातील चित्रकर्त्रींची नावे आजच लिहून ठेवावीत. आपण ती लिहिली नाहीत, तर उद्याचा कथाकार आपल्या मर्जीने लिहील. आणि मग खरी कोण व कल्पित कोण, हे सांगणारे कोणीच उरणार नाही.