दर्यावरचे शब्द आपल्या घरी

मंडळाच्या स्मरणिकेसाठी काही तरी लिहा, असे अध्यक्षाबाईंनी सांगितले तेव्हा एखादी पाककृती द्यावी असा माझा विचार होता. परंतु गेल्या नारळी पौर्णिमेला आपण मंडळात नारळीभात केला, त्या वेळी एका भगिनीने मला विचारले, "अहो, तुमचे वडील खलाशी होते म्हणता, म्हणजे रेल्वेत होते का?" सगळ्याजणी हसल्या, मीही हसले. आपल्या सोलापुरात रेल्वेचे मोठे ठाणे. तेथे वर्षानुवर्षे खलाशी नावाची नोकरी होती, तेव्हा त्यांचे काही चुकले नाही. पण माझे वडील हर्णैच्या बंदरात मासेमारीच्या बोटीवर खलाशी होते, आणि त्या शब्दाचा अर्थ त्यांच्या मुलीला नीट सांगता आला नाही, याची रुखरुख मनाला लागून राहिली.

तिला आणखी एक कारण होते. मी पाचवीत असताना शाळेच्या कागदावर वडिलांचा धंदा लिहावयाचा होता. मी 'खलाशी' म्हणून सांगितले. मास्तरांनी 'मजुरी' लिहिले. घरी येऊन मी ते वडिलांना सांगितले, तर ते काही बोलले नाहीत, जाळ्याची फाटकी बाजू शिवीत राहिले.

म्हणून दुपारची कामे आटोपली की मी हिराचंद नेमचंद वाचनालयात जाऊ लागले आणि जाडजूड शब्दकोश उघडून बसू लागले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे, त्यामुळे एकेक पान वाचावयास वेळ लागे. पण मौज अशी की, एका शब्दाला हात घालावा तर त्याच्यामागून दुसरे चार येत.

खलाशी हा शब्द अरबी 'खलास'वरून आला असे सांगतात. खलास म्हणजे सुटका, मोकळे करणे. आपण 'पैसे खलास झाले' म्हणतो तोच हा. दोर सोडणारा, बोट मोकळी करणारा तो खलाशी, अशी मी आपली मनाशी जुळणी केली. ती पंडितांना पटेल की नाही कोण जाणे! नाखवा म्हणजे बोटीचा धनी. हा मूळचा फारसी 'नाखुदा', म्हणजे नावेचा खुदा, नावेचा मालक. त्यातली नाव आणि आपली नाव एकाच कुळातल्या. सुकाणू अरबी, बंदर फारसी, आरमार पोर्तुगीजांच्या 'आर्मादा'वरून आलेले. सारंग म्हटले की आपल्याला गाण्यातला राग आठवतो, पण बोटीवरचा सारंग हा फारसी 'सरहंग', म्हणजे सरदार. आणि जहाज! अरबीत त्याचा मूळ अर्थ सामानसुमान, सरंजाम. हिंदी-उर्दूत हुंड्याला 'जहेज' म्हणतात, तो त्याच घरातला. मुलीबरोबर पाठवावयाचे सामान आणि समुद्रावर पाठवावयाचे सामान यांना एकाच घरचे शब्द मिळावेत, हे वाचून मी पुस्तक मिटून थोडा वेळ तशीच बसले.

सगळ्यांत गंमत नांगराची. लग्न होऊन मी नुकतीच सोलापुरास आले होते. उन्हाळ्यात सासरे जेवताना म्हणाले, "उद्यापासून आपला नांगर चालू." मी नवी नवरी, पण न राहवून बोलून गेले, "चालू कसा? नांगर तर थांबायला टाकतात!" सासूबाई पदर तोंडाला लावून हसल्या. आमच्याकडे नांगर टाकला म्हणजे बोट उभी राहिली, त्या खेपेचे काम संपले. इकडे नांगर जुंपला की शेतकऱ्याचे वर्ष सुरू झाले. शेतातला नांगर संस्कृत 'लांगल'वरून आलेला आणि बोटीचा नांगर फारसी 'लंगर'वरून. दोन गावांहून दोघे निघाले आणि मराठीत येऊन एकाच नावाने राहू लागले.

तांडेल म्हणजे बोट चालविणारा, खलाशांचा म्होरक्या. हा शब्द दक्षिणेकडच्या भाषांतही आहे. आपल्या पूर्व भागातील तेलुगू शेजारणींना तो सांगावा लागणार नाही, कारण २०२५ साली त्याच नावाचा तेलुगू बोलपट येऊन गेला.

काहीजणी म्हणतात, हे सारे परके शब्द, आपण शुद्ध मराठी बोलावे. मला ते पटत नाही. प्रत्यक्ष शिवाजी महाराजांनी फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द देणारा राज्यव्यवहारकोश करविला, परंतु त्यांच्याच आरमारावरील एक अधिकारी दर्यासारंग या किताबाने ओळखला जाई. खांदेरीचे बेट १६७९ साली इंग्रजांशी झुंजून राखले, त्यात मायनाक भंडारी होता तसा दौलतखानही होता. ज्या पाण्यावर इतक्या जातीधर्मांची माणसे एका दोराला हात लावीत, तेथे शब्दांची सोवळीओवळी कोण पाळणार? शिवाय वल्हे, शीड, डोलकाठी, भरती, ओहोटी हे आपले शब्द आहेतच की.

आणि शब्द काही एकाच बाजूने आले नाहीत. आपल्या गावात लष्कर नावाचा भाग आहे. लष्कर म्हणजे फौज, हा शब्दही फारसीच. तो पोर्तुगीजांनी उचलला, त्यांच्याकडून इंग्रजांकडे गेला आणि त्यांच्या आगबोटींवरील हिंदी खलाशांना 'लास्कर' म्हणू लागले. रत्नागिरी जिल्ह्यातील किती तरी माणसे तशा बोटींवर गेली. दोन्ही महायुद्धांत असे हजारो लास्कर कामावर होते आणि पुष्कळ बुडालेही. पावसाचेही तसेच. अरबीत 'मौसिम' म्हणजे हंगाम. कोणत्या महिन्यात वारा कोणीकडून वाहतो यावर अरब खलाशांचा प्रवास ठरे. त्यावरून आपले मोसमी वारे झाले आणि इंग्रजांचा 'मान्सून'ही. जूनमध्ये आभाळाकडे डोळे लावून बसणारे आपण सोलापूरकर तो शब्द रोज घेतो, पण तो खलाशांचा आहे हे मनात येत नाही.

समुद्राशी सोलापूरचा काय संबंध, असे मीही पूर्वी म्हणत असे. पण ज्या हिराचंद नेमचंदांच्या नावाच्या वाचनालयात मी बसत होते, त्यांचे चिरंजीव वालचंद यांचा जन्म २३ नोव्हेंबर १८८२ रोजी याच गावात झाला. सिंदिया कंपनी उभारून परदेशी आगबोट कंपन्यांशी टक्कर देणाऱ्यांत ते पुढे होते. तिची 'लॉयल्टी' ही आगबोट ५ एप्रिल १९१९ रोजी मुंबईहून लंडनला निघाली. १९६४ पासून तोच दिवस राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळतात. विशाखापट्टणच्या गोदीत बांधलेली 'जलउषा' १९४८ साली पाण्यात सोडली गेली, ती गोदीही त्यांच्याच कंपनीने उभारलेली. त्या बोटींना धनी मिळाला आपल्या गावचा. दोर सोडणारे हात मात्र माझ्या वडिलांसारख्यांचे असणार.

या जूनमध्ये मी माहेरी गेले होते. मासेमारी बंद, बोटी वर ओढलेल्या, त्यामुळे भाऊ घरीच होता. तो आता तांडेल आहे. भाच्याच्या शाळेचा अर्ज भरावयाचा होता, तो त्याने माझ्यापुढे सरकवला. धंद्याच्या जागी मी 'तांडेल' असे लिहिले. वडील ओटीवर बसले होते. त्यांना वाचून दाखविले, तर म्हणाले, "अक्षर बरे आहे तुझे."