वाटेवरचे दुखणे

आगगाडी येण्यापूर्वी काशीयात्रेस निघणारा गृहस्थ देण्याघेण्याचा फडशा पाडून, शेतीवाडीची निरवानिरव करून आणि पोराबाळांना भाऊबंदांच्या ओटीत घालूनच उंबरठ्याबाहेर पाऊल टाकी. या रिवाजात भाविकता जितकी होती तितकाच व्यवहारही होता. वाटेत चोर गाठतील ही भीती होतीच. परंतु चोरांसाठी सोबत धरता येई, हत्यारबंद माणूस चाकरीस ठेवता येई, ऐवज हुंडीने पुढे पाठविता येई. दुखण्याला यांपैकी कोणतीच तजवीज लागू पडत नसे. घरी माणूस अंथरुणास खिळला तर ज्या वैद्यास बोलावणे जाई, त्याने रोग्याच्या बापाचीही नाडी पाहिलेली असे. परमुलखात, ज्याचे नावही धड ठाऊक नाही अशा गावच्या धर्मशाळेत सोबतचा माणूस आडवा झाला म्हणजे बरोबरच्यांच्या हाती सुंठ, ओवा, जायफळ आणि नामस्मरण एवढेच उरे. अहिल्याबाई होळकरांसारख्या पुण्यशील व्यक्तींनी घाट बांधले, विहिरी खोदल्या, धर्मशाळा उभारल्या. वाटसरूला छाया, पाणी आणि अन्न मिळावे याची काळजी आपल्या समाजाने मनापासून वाहिली. औषधपाण्याची गोष्ट मात्र ज्याच्या त्याच्या नशिबावर सोपविलेली होती.

परंतु हा इतिहास चाळताना मला वाटते ते असे की, परगावी वैद्य कोठे मिळेल हा प्रश्न प्रवाशाच्या कुटुंबापुढे दुसरा असे. पहिला प्रश्न, आपल्या माणसाला झालेले दुखणे लोकांना सांगावे की झाकावे, हा असे.

हे ज्या एका रोगाने ठसठशीत करून दाखविले त्याला आपण पटकी म्हणतो. तिचे जुने नाव मोडशी. आज अजीर्णासाठी वापरला जाणारा हा घरगुती शब्द एके काळी फार दूर फिरून आला आहे. गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याने १५६३ साली गोव्यात छापलेल्या आपल्या ग्रंथात या व्याधीचे वर्णन करताना कोकणातले हेच नाव पोर्तुगीज उच्चारात उतरवून घेतले, आणि पुढे फ्रेंचांनी त्या उच्चाराचा आपल्या भाषेत अर्थ लावून ‘कुत्र्याचे मरण’ असे भयंकर नाव बनविले! सतराव्या शतकात गोव्याच्या बाजूस आलेल्या देलाँ या फ्रेंच वैद्याने तिच्यावरचा इकडचा उपायही टिपून ठेवला आहे: तापवून लाल केलेल्या लोखंडाचा टाचेला डाग. डाग देण्याची ही चाल आपल्या खेड्यांतून पुढेही पुष्कळ काळ टिकली, आणि त्यासाठी वैद्य लागत नसे. घरातला विळा आणि चुलीतला विस्तव पुरे होई.

तोवर हा रोग येई आणि जाई. १८१७ साली बंगालच्या जेसोर भागात तो असा उसळला की त्याने वर्षभरात अर्धा हिंदुस्थान पायाखाली घातला. फौजांच्या छावण्यांबरोबर, लमाणांच्या तांड्यांबरोबर आणि यात्रेकरूंबरोबर तो चालत राहिला, आणि १८१८ साली, पेशवाई बुडाली त्याच वर्षी, दख्खनेत येऊन पोहोचला. राज्य गेल्याचे दुःख शनिवारवाड्याभोवती अधिक असेल. पटकीचे दुःख वाड्यावस्तीवर, रस्त्यारस्त्यावर होते.

पंढरीची वाट हा तर तिचा हमरस्ताच झाला. आळंदीहून ज्येष्ठात निघालेली ज्ञानदेवांची पालखी दिवे घाट चढून सासवड, जेजुरी, लोणंद, फलटण, नातेपुते, माळशिरस असे मुक्काम करीत अठरा-वीस दिवसांनी चंद्रभागेतीरी पोहोचते. आणि हे दिवस नेमके पहिल्या पावसाचे, ओढ्यांच्या गढूळ पाण्याचे. अशा दिंडीत दुपारच्या विसाव्यास एखाद्याला ढाळ-वांत्या सुरू होत. सूर्य मावळेपर्यंत त्याचे डोळे खोल जात, आवाज बसे, पोटऱ्यांत गोळे येऊन तो कळवळे, आणि दिवसभर पाण्यात काम केल्यासारखी त्याच्या बोटांची कातडी सुरकुते. तो एकच मागणे मागे: पाणी. आणि उशाशी बसलेली त्याची बायको, पदराने त्याचे तोंड टिपत, त्याला पाणी नाकारी; कारण पोटात गेले की उलटते, म्हणून देऊ नये, असे तिला सगळ्यांनी बजावलेले असे. पहाटे पालखीचा कर्णा होई. पालखी कोणासाठी थांबत नाही, हा तिचा धर्म. मग दिंडीच्या सामानाच्या बैलगाडीत पोत्यांवर जागा करून त्याला निजवावयाचे, की याच गावात मागे राहावयाचे?

मागे राहावयाचे म्हटले तरी गाव ठेवून घेईलच असे नव्हते. साथीची कुणकुण लागताच वेशीवर माणसे बसत. मरीआईचा लहानसा लाकडी गाडा लिंबे आणि हिरव्या बांगड्या वाहून वाजतगाजत शिवेपलीकडे लोटला जाई. पुढचे गाव तो आपल्या शिवेवरून आणखी पुढे लोटी. ज्या गावाने देवीलाच शिवेबाहेर काढले ते तिने धरलेल्या परक्या वारकऱ्याला ओसरी कोठून देणार? पाटलाची अडचण निराळी होती. परका मनुष्य गावात मेला तर कचेरीत वर्दी द्यावी लागे, पंचनामा करावा लागे, बेवारस प्रेताची वाट लावावी लागे. म्हणून रोगी जिवंत आहे तोवर तो हद्दीबाहेर गेलेला बरा, असा सरळ हिशेब चावडीवर होई. यात पाटलाला निर्दय ठरविण्याचे कारण नाही. त्याच्या पाठीशी भेदरलेले सगळे गाव असे.

मग सरकारी दवाखाना आला. परंतु तो ज्या वाटेने आला ती वाट विसरून चालणार नाही. १८६६ साली कॉन्स्टँटिनोपल येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय परिषदेत पटकीचे खापर हिंदुस्थानातील यात्रांवर आणि मक्केच्या हजवर फुटले, आणि व्यापाराला बाध येईल या धास्तीने इंग्रज सरकारास यात्रेकरूंच्या प्रकृतीविषयी अकस्मात कळवळा उत्पन्न झाला. यात्रेकर बसला, बंदोबस्त बसला, रोग्यांना वेगळे ठेवण्यासाठी छपरे उभी राहिली. डॉक्टर दिसला तो मामलेदार आणि फौजदार यांच्या पंक्तीत. शिवाय त्याच्या पेटीत तरी काय होते? अफूचा अर्क, पाऱ्याचे कॅलोमेल, आणि पूर्वीच्या पिढीतला असेल तर आधीच कोरड्या पडलेल्या देहातून रक्त काढण्याची सुरी. पाण्याची बंदी पुष्कळदा त्याचीही असे. तेव्हा रोग्याला गाडीत गोधडीखाली झाकून, विचारणाऱ्याला ‘पित्त झाले आहे’ असे सांगणारी ती बायको अडाणी होती, असे म्हणण्यास माझी जीभ रेटत नाही.

रेल्वेने हा लपंडाव अधिक वेगवान केला. बार्शी लाइट रेल्वेची अरुंद वाट १९०६ साली कुर्डुवाडीहून पंढरपुरास पोहोचली. पटकीचे विष पोटात गेल्यापासून ती उठण्यास काही तासांपासून पाच दिवसांपर्यंत अवधी लागतो. पायी परतणारा वारकरी या मुदतीत रस्त्यातच पडे, आगगाडीचा उतारू घरी जाऊन पडू लागला. तत्पूर्वीच प्लेगने स्थानकांची चावडी करून टाकली होती. १८९७ च्या साथरोग कायद्यानंतर कल्याणसारख्या ठिकाणी उतारूंना फलाटावर उभे करून काखा-जांघा चाचपल्या जात, आणि अंग तापलेले लागले की त्या माणसाची रवानगी छावणीत होई. गाडीत लेकराला साधा ज्वर आला तरी आईबाप त्याला पोटाशी घेऊन झोपल्याचे सोंग करीत. ज्या क्षणी डॉक्टर हवा, त्याच क्षणी तो डब्यात येऊ नये अशी प्रार्थना करावयाची, हा प्रसंग त्या पिढीने भोगला आहे.

विद्या मात्र पुढे जात होती. कॉखने १८८४ साली कलकत्त्यात पटकीच्या जंतूची ओळख पटविली. हाफकिनने हिंदुस्थानात १८९३ पासून लस टोचून पाहिली. पुढे लिओनार्ड रॉजर्सने शिरेतून क्षारयुक्त पाणी भरून मृत्यूचे प्रमाण निम्म्याच्या आसपास खाली आणले. यांपैकी यात्रेच्या वाटेवर पोहोचली ती टोचणी. टोचल्याचा दाखला असल्याखेरीज पंढरपुरात शिरकाव नाही, असे दिवस आले. माझ्या आजीला, ती टोचून घेऊन वारीला गेली त्या साली, विठोबाचे दर्शन किती वेळ झाले हे आठवत नसे. दंड तीन दिवस दुखला हे ती अचूक सांगे.

पण उशाशी बसलेल्या माणसाच्या हाती काही पडावयाला १९७१ साल उजाडावे लागले. पूर्व बंगालमधून जीव घेऊन निघालेल्या निर्वासितांची कुटुंबे सरहद्दीवरच्या बनगावच्या छावणीत पटकीने पटापट मरत होती. शिरेतून देण्याच्या सलाइनचा साठा संपत आला होता. दिलीप महालनबीस या बालरोगतज्ज्ञाने तेव्हा लिटरभर पाण्यात २२ ग्रॅम ग्लुकोज, साडेतीन ग्रॅम मीठ आणि अडीच ग्रॅम खाण्याचा सोडा कालवून ते पाणी पिंपांत भरले, आणि पाजण्याचे काम रोग्यांच्या नातलगांवर सोपविले. उलटले तरी पुन्हा पाजा, एवढीच सूचना. शेकडा तीसपर्यंत गेलेली मृत्युसंख्या त्या पाण्याने शेकडा ३.६ वर आली. दीडशे वर्षे बायकांनी रडत रडत नाकारलेली वस्तू ती हीच.

बनगाव जेसोरच्या रस्त्यावर आहे. १९४७ च्या फाळणीपर्यंत ते जेसोर जिल्ह्यातच मोडत असे.