सीमाभिंतीलगतच्या निचऱ्याचे वाद

लगतच्या दोन मिळकतींपैकी एकीत भराव, खोदाई किंवा फरसबंदी करून जमिनीचा उतार बदलल्याने पावसाचे पाणी दुसरीत शिरणे, सामाईक भिंतीशी तुंबणे किंवा तिच्या पायाखालची माती धुपणे यांतून उद्भवणारे वाद. कोकणातील जांभ्याच्या गडग्यांपासून शहरी गृहसंस्थांच्या कंपाउंडपर्यंत ते आढळतात.

कारणे : कंपाउंडची भिंत हद्द राखण्यापुरती बांधलेली असते. एका अंगाला माती चढवली की मातीचा रेटा तिच्यावर येतो. भिंतीमागे १ मीटर पाणी साठल्यास तळाशी दर चौरस मीटरला सुमारे १ टन दाब पडतो. पाण्याची उंची दुप्पट झाल्यास एकूण रेटा चौपट होतो. निचऱ्याची भोके गिलाव्याने वा गाळाने बुजली की आधी ओल धरते, मग तडे जातात आणि भिंत फुगते. पुण्यात कोंढवा येथे २९ जून २०१९ रोजी गृहसंकुलाची सीमाभिंत लगतच्या मजुरांच्या झोपड्यांवर कोसळून १५ जण दगावले.

कायदा : भारतीय सुविधाधिकार अधिनियम, १८८२ च्या कलम ७ मधील उदाहरणानुसार, वरच्या जमिनीवर पडणारे व ठरावीक पात्रातून न वाहणारे पाणी खालच्या मालकाने नैसर्गिकपणे वाहू द्यावे लागते. भराव घालून किंवा पन्हळीने एकवटून सोडलेल्या पाण्याला हे संरक्षण नाही. पागोळ्यांचे पाणी शेजारी सोडण्याचा हक्क मात्र २० वर्षांच्या उघड, शांततापूर्ण व अखंड वहिवाटीने मिळू शकतो (कलम १५).

दाद : शेतजमिनीला हानी पोचवणारा, नैसर्गिक प्रवाहातील बेकायदा अडथळा मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ च्या कलम ५ नुसार तहसीलदार हटवू शकतो, दावा सहा महिन्यांत लावावा लागतो. घर-प्लॉटच्या वादात दिवाणी न्यायालयाकडे मनाई हुकूम, अडथळा काढण्याचा हुकूम व भरपाई मागता येते.

पुरावा : मूळ उतार कोणी बदलला, यावर बहुतेक वाद फिरतो. मोजणीची ‘क’ प्रत हद्द दाखवते, उंचसखलपणा नव्हे. त्यामुळे भरावापूर्वीची छायाचित्रे, मातीत बुडालेले झाडांचे बुंधे, जोत्याची झाकलेली पायरी आणि न्यायालयीन आयुक्ताने केलेली पाहणी महत्त्वाची ठरते. भराव टाकण्याआधी दोन्ही बाजूंच्या जमिनीच्या पातळ्या नोंदवून त्यावर शेजाऱ्याची सही घेतल्यास आणि आपल्या हद्दीतच चर खणून पाणी सार्वजनिक गटारात सोडल्यास वादाला फारसा वाव उरत नाही.