अरब राष्ट्रे व निर्वासितांचा कायदा

अरब राष्ट्रे व निर्वासितांचा कायदा : निर्वासितांच्या दर्जाविषयीच्या १९५१ च्या आंतरराष्ट्रीय करारात इजिप्त, येमेन, सुदान, मोरोक्को, अल्जीरिया व ट्युनिशिया सामील आहेत, जॉर्डन, लेबनॉन, सीरिया, इराक व आखाती राष्ट्रे नाहीत. लोकसंख्येच्या मानाने निर्वासितांचा सर्वांत मोठा भार मात्र जॉर्डन आणि लेबनॉन यांनीच उचलला.

या अलिप्ततेचे मूळ पॅलेस्टाइनच्या प्रश्नात आहे. १९४८ मध्ये विस्थापित झालेल्या पॅलेस्टिनींना मायदेशी परतण्याचा हक्क आहे, आणि त्यांची जबाबदारी संयुक्त राष्ट्रांची आहे, अशी अरब प्रतिनिधींची भूमिका होती. सामान्य निर्वासितांत त्यांची गणना झाली, तर पुनर्वसनाच्या नावाखाली परतीचा हक्क बुडेल, ही भीती रास्त होती. त्यांच्यासाठी १९४९ मध्ये ‘उन्रवा’ ही संयुक्त राष्ट्रांची स्वतंत्र संस्था स्थापन झाली आणि तिची मदत मिळणाऱ्यांना १९५१ च्या करारातून वगळण्यात आले.

अरब लीगच्या १९६५ च्या कॅसाब्लांका प्रोटोकॉलने पॅलेस्टिनींना रोजगार आणि प्रवासाच्या बाबतीत नागरिकांसारखी वागणूक देण्याचे ठरवले. अंमलबजावणी देशागणिक वेगळी झाली. जॉर्डनने बहुसंख्य पॅलेस्टिनींना नागरिकत्व दिले. १९६७ मध्ये गाझातून आलेल्यांना दिले नाही. लेबनॉनमध्ये पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्यांनाही वैद्यकी, वकिली यांसारखे व्यवसाय बंद आहेत आणि २००१ पासून घर विकत घेता येत नाही. लीगचा १९९४ चा स्वतंत्र निर्वासित करार अमलात आलाच नाही.

१९५१ च्या कराराबाहेरच्या देशांत व्यवहार चालतो तो सामंजस्य करारांवर. जॉर्डनने १९९८ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित उच्चायुक्तालयाशी असा करार केला. त्यानुसार अर्जांची छाननी उच्चायुक्तालय करते, आणि मान्यता मिळालेल्याची अन्य देशात सोय सहा महिन्यांत व्हावी अशी मूळ करारात अपेक्षा होती. प्रत्यक्षात माणसे वर्षानुवर्षे तिथेच राहतात. सीरियाच्या सीमेजवळची झातारी छावणी सीरियन निर्वासितांसाठी जुलै २०१२ मध्ये तात्पुरती म्हणून उघडली आणि तिचे शहर झाले. तिथल्या दुकानात गल्ल्यावरच्या यंत्राकडे डोळा लावला की बुबुळावरून ओळख पटू लागली आणि किराण्याचे पैसे मदतीच्या खात्यातून वळते होऊ लागले. यंत्राने ओळखलेल्या या माणसाला कामासाठी मात्र वेगळा परवाना लागतो. सीरियाविषयीच्या २०१६ च्या लंडन परिषदेत जॉर्डनने युरोपीय बाजारपेठेतील सवलती व स्वस्त कर्जांच्या बदल्यात सीरियन लोकांसाठी दोन लाख रोजगारसंधींचे आश्वासन दिले. शेती, बांधकाम, कारखाने खुले झाले. डॉक्टर, इंजिनिअर यांच्यासाठी दारे बंदच राहिली.

असा आश्रय सरकारच्या मर्जीवर टिकतो. मे २०१५ मध्ये लेबनॉनने सांगताच उच्चायुक्तालयाला सीरियन लोकांची नोंदणी थांबवावी लागली. तरीही कराराबाहेर म्हणजे कायद्याबाहेर, असा अर्थ काढणे चूक ठरेल. छळ होईल अशा ठिकाणी कोणालाही परत धाडू नये, हे बंधन छळविरोधी करारामुळे जॉर्डन व लेबनॉनवरही आहे. याउलट, १९८१ मध्ये निर्वासित करार स्वीकारताना इजिप्तने प्राथमिक शिक्षण, सरकारी मदत व कामगार कायदे यांबाबतची कलमे राखून ठेवली. तिथेही छाननी दीर्घकाळ उच्चायुक्तालयच करत होते. डिसेंबर २०२४ च्या आश्रय कायद्याने ते काम सरकारी समितीकडे सोपवले.