कवी हा माणूसच : आनंद यादव

ज्या गावाची वसाहतच ऊस आणि यंत्रे यांच्या पोटी जन्मली, त्या वालचंदनगरात आनंद यादवांचे जग समजावून सांगण्यास फार वेळ लागू नये. १९३५ साली कोल्हापूरजवळच्या कागल येथे एका गरीब कुळवाडी घरात त्यांचा जन्म झाला. मुलाने शाळेत जाण्यापेक्षा उसाला पाणी पाजावे, असे वडिलांचे मत होते. अखेर आईने आणि मुलाने गावातील वजनदार गृहस्थ दत्ताजीराव देसाई यांच्याकडे धाव घेतली. त्यांच्या शब्दाखातर वडील नमले. पण सकाळी रानातले काम, मग शाळा आणि शाळा सुटताच गुरे, अशा अटींवर.

या शाळेत सौंदलगेकर मास्तर मराठी शिकवीत. त्यांच्या दारी मालतीचा वेल होता व त्यावर त्यांनी स्वतः कविता केली होती. वेल मुलाने पाहिलेला, कविता त्याने ऐकलेली! कवी हा आपल्यासारखाच हाडामांसाचा माणूस असतो, हे त्याला तेथे उमगले. मग म्हशी राखता राखता तोही कविता जुळवू लागला. कागद नसला की म्हशीच्या पाठीवर काटकीने ओळी लिही.

हाच मुलगा पुढे पुणे विद्यापीठाच्या मराठी विभागाचा प्रमुख झाला, ग्रामीण साहित्याच्या चळवळीचा अध्वर्यू झाला. परंतु प्राध्यापकाच्या खुर्चीत बसूनही त्याने मास्तरांचा धडा सोडला नाही. ‘गोतावळा’ (१९७१) या कादंबरीत शेतावर ट्रॅक्टर येतो आणि जनावरांवर जीव लावणारा नारबा हा गडी पोरका होतो. ती सारी कहाणी नारबाच्याच बोलीत आहे. ‘झोंबी’ (१९८७) मध्ये त्यांनी स्वतःच्या घरचे दारिद्र्य, वडिलांचा कठोरपणा, काही झाकून ठेवले नाही. १९९० साली या आत्मचरित्रात्मक कादंबरीस साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला.

आपल्या बापाला माणूस म्हणून रंगविणाऱ्या या लेखकाने उतारवयात तुकोबांनाही तसेच पाहू म्हटले. ‘संतसूर्य तुकाराम’ या कादंबरीतील चित्रण निराधार व अवमानकारक आहे, असा वारकरी मंडळींचा आक्षेप होता. यादवांनी क्षमा मागितली, पुस्तक मागे घेतले गेले. तरी वाद शमला नाही. महाबळेश्वरच्या २००९ च्या साहित्य संमेलनाचे निर्वाचित अध्यक्षपद त्यांनी सोडले, आणि ते संमेलन अध्यक्षांवाचून पार पडले. २०१६ साली यादव निवर्तले.

स्वतःच्या घराविषयी लिहिताना लेखकाजवळ आठवणींचा आधार असतो. साडेतीनशे वर्षांपूर्वीच्या संताविषयी लिहिताना कल्पनेने किती पुढे जावे? भक्तांचे दुखणे आम्ही खोटे म्हणत नाही. तथापि तुकोबांनीही आपला संसार, दुष्काळ आणि मनाची तळमळ अभंगांतून उघडीच मांडली होती, हे विसरून कसे चालेल? सौंदलगेकर मास्तरांच्या दारच्या वेलापासून सुरू झालेला हा प्रश्न अजून सुटलेला नाही. श्रोतेहो, तो आता आपल्या हवाली करून आम्ही रजा घेतो.